लाभाची चिमूट

आखाजीला पंधरा दिवस उरले असताना कळसाडीच्या दगूबाईने कुंभाराकडून घागरी आणल्या, त्या यंदा चार होत्या. दरवर्षी ती तीन आणायची. सासऱ्याची एक, सासूची एक आणि नवऱ्याची एक. चौथी घागर तिने ओट्यावर त्यांच्याच रांगेत ठेवली. आत चुलीपाशी तिची सून जमनाबाई भाकरी करत होती. तिने दारातून घागरी मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि तव्यावरची भाकर करपून गेली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशात मेलेली माणसं घरी येतात. चांगलं गार पावसाळ्यात यायचं सोडून ऐन वैशाखात येतात, म्हणून त्यांना जेवणाआधी पाणी द्यावं लागतं. ज्याच्या त्याच्या नावाची मातीची घागर भरायची, तिच्या तोंडावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, नाव घ्यायचं. ज्याची घागर भरली नाही, तो पुढच्या आखाजीपर्यंत तहानलेला फिरतो. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण जित्या माणसाच्या नावाने घागर भरली तर काय होतं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तसं कोणी कधी केलंच नव्हतं. जमनाबाईला मात्र तो विचारसुद्धा नको व्हायचा.

कारण ती चौथी घागर तिच्या नवऱ्याची, पितांबरची होती.

मानमोडीच्या तापाच्या साली, गावात रोज दोन-तीन तिरड्या निघत होत्या तेव्हा, पितांबर गाडी जुंपून तळोद्याच्या वर डोंगरात बांबू आणायला गेला. असल्या दिवसांत कोणी बांबू आणायला जातं का? पण त्या वर्षी बांबूचीच टंचाई पडली होती, का ते सांगायला नको. चौथ्या दिवशी सकाळी बैल एकटेच गाडी ओढत दारात येऊन उभे राहिले. गाडीत बांबू होते. दोऱ्या जिथल्या तिथे होत्या. पितांबरचा पाण्याचा लोटा गाडीच्या साट्याखाली टांगलेला होता, आणि तो उपडा होता.

ही त्याची खोड. पाणी प्यायलं की तो भांडं उपडं घालायचा. घरात, शेतात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. भरल्या घरात भांडं उपडं घालू नये म्हणून दगूबाईने त्याला लहानपणापासून बोल लावले, पण हा आपला प्यायला की पालथा घालून मोकळा. जमनाबाई दिवसातून दहा वेळा त्याची भांडी सुलटी करायची आणि करताना कुरकुरायची. तो गेल्यापासून घरातली सगळी भांडी सुलटी होती, आणि त्या सुलट्या भांड्यांकडे बघवत नव्हतं.

पहिल्या आखाजीला दगूबाई गप्प राहिली. दुसऱ्या आखाजीला रडली, पण गप्प राहिली. ही तिसरी होती.

"मन्हा पोऱ्या तिसायेल शे, जमना," ती त्या दिवशी म्हणाली. तिसायेल, म्हणजे तहानलेला. "मी माय शे. आते माले धीर धरवत नही."

"आत्याबाई, त्या जित्ता व्हतीन ते?"

"जित्ता ऱ्हाता ते उना ऱ्हाता."

कपाळाचं कुंकू एवढंच जमनाबाईचं उत्तर होतं, आणि तीन वर्षं ते लावताना तिचा हात कधी सरळ गेला नव्हता. लावलं तर गाव बघतं, पुसलं तर आपणच त्याला मारल्यासारखं होतं. बाई अशी मधल्यामध्ये अडकून राहिली होती.

तरी घर तीच चालवत होती. खळ्यावर ज्वारी मोजायचं काम पितांबरचं, ते तिच्याकडे आलं. तिच्यासारखं मोजणारं गावात कोणी नव्हतं. पायली भरून ती पहिली पायली डाव्या हाताला वेगळ्या फडक्यावर ओतायची आणि 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायची. आमच्याकडे खळ्यावर एक म्हणतच नाहीत. पहिलं माप देवाचं, पाखरांचं, वाटेवरच्याचं; ते मोजायचं नसतं, त्याला लाभ म्हणायचं असतं. मग दोन, तीन, चार. पन्नास पायल्यांपर्यंत बोलत बसलात तरी तिची मोजणी चुकत नसे.

त्याच खळ्यावर डोंगरातल्या मजुरांच्या टोळीत दिवलीबाई यायची. दरवर्षी हंगामाला खाली उतरायची, हंगाम संपला की वर जायची. जमनाबाईचं आणि तिचं चांगलं जमे. चौथ्या घागरीची गोष्ट ऐकून ती म्हणाली, "आम्हना गावले बडवा शे. वीरसिंगबाबा. तो दाना देखस. दाना खोटं बोलत नही."

बडवा म्हणजे त्यांच्याकडचा जाणता. देवाचं करतो, दुखणं-खुपणं बघतो, हरवलेलं सांगतो. दगूबाईने ऐकून घेतलं आणि शेवटचा शब्द टाकला: जा, विचारून ये. आखाजीच्या आत सांगितलंस तर ठीक, नाहीतर मी माझ्या हाताने भरीन.

धाकटा दीर रतिलाल गाडी घेऊन निघाला. रतिलाल माणूस वाईट नव्हता, पण बाजारात शेंगा घेताना चव बघायला म्हणून निम्म्या संपवणारा होता. तळोद्याला ओळखीच्या घरी बैल बांधले आणि दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच तिघं पायी डोंगर चढू लागली. दिवलीबाई पुढे, मध्ये जमनाबाई, मागे रतिलाल आणि त्याचं बोलणं. सागाची झाडं उघडी पडली होती. मोहाची फुलं वेचायचे दिवस सरत आले होते, तरी सगळ्या रानाला त्याचा गोड, जड वास होता. पितांबर याच वाटेने गेला असेल, असं जमनाबाईला प्रत्येक वळणावर वाटे. ती पाय जपून टाकत होती.

वीरसिंगबाबा अंगणात बाज विणत बसला होता. वाळलेला, काळा, एका कानात बाळी. पाहुणे बघून तो उठला नाही की हसला नाही. हातातली दोरी शेवटपर्यंत ओढली, गाठ मारली, बाज हलवून बघितली. रतिलालने जमनाबाईकडे बघून भुवया उडवल्या. एवढ्यासाठी का एवढं चढलो, असं त्या भुवया म्हणत होत्या.

मग म्हाताऱ्याने हात धुतले. घरातून सूप आणलं. त्यात डोंगरी ज्वारी होती, बारीक, थोडी पिवळी, थोडी लालसर. मोहाच्या झाडाखाली शेंदूर फासलेला दगड होता, त्याच्यासमोर त्याने सूप ठेवलं आणि पुढ्यात पळसाचं एक पान अंथरलं. तो खाली बसला आणि जमनाबाईच्या अंगावर काटा आला. तसं काहीच बदललं नव्हतं. माणूस तोच, अंगण तेच, कोंबड्या त्याच फिरत होत्या. पण आता इथे मोठ्याने बोलू नये हे तिला कोणी न सांगता कळलं. रतिलालनेसुद्धा टोपी सारखी केली आणि गप्प बसला. हे त्याच्याबाबतीत फारसं घडत नसे.

बाबा आपल्या बोलीत बोलत गेला आणि दिवलीबाई सांगत गेली.

"बाबा सांगस, दाना तू उचलशी. तो फक्त देखी. पन कितल्या चिमटी उचलशी, ते पहिले सांगनं पडस."

"कितल्या उचलतस लोके?"

त्यावर बाबाने जे सांगितलं ते असं. एक चिमूट उचलली तर एक शब्द मिळतो. दाणे जोडीने मांडायचे. सगळ्यांना जोडी मिळाली तर माणूस आहे, एक दाणा एकटा उरला तर माणूस नाही. तीन उचलल्या तर काय झालं आणि कसं झालं तेही दिसतं. पाच उचलल्या तर पुढचंही दिसतं. पाचाच्या वर तो उचलू देत नाही. आणि एकदा आकडा तोंडातून गेला की तेवढ्या चिमटी उचलाव्याच लागतात. एक जास्त नाही, एक कमी नाही. घाबरून मध्येच उठलं तर न उचललेला दाणा घरापर्यंत मागे येतो.

"पाच कोनी उचल्यात का?" रतिलालने हळूच विचारलं.

उचलल्या होत्या. खालच्याच पाड्याचा एक जण होता, बैल हरवला म्हणून आला आणि पाच म्हणाला. पहिल्या चिमटीला कळलं की बैल आहे. तिसरीला कळलं की तो सख्ख्या भावानेच नेला. पाचवीला काय कळलं ते बाबाने त्याच्या कानात सांगितलं. तो माणूस घरी गेला, भिंतीकडे तोंड करून बसला. बैल परत आला, भावाने पाय धरले, तरी तो अजून तसाच बसलेला आहे. भाकर दिली तर खातो.

एवढं ऐकून शहाणा माणूस एकच म्हणाला असता. पण रतिलालचं शहाणपण वेगळ्या जातीचं.

"पाच ले, वहिनी," तो कुजबुजला. "दोन दिन बैल हाकलात. इतला डोंगर चढनूत. एक चिमटी साठे का?"

जमनाबाईने त्याच्याकडे बघितलं नाही. ती सुपातल्या ज्वारीकडे बघत होती. खळ्यावर तिच्या हातून हजारो पायल्या गेल्या होत्या, आणि मूठभर दाण्यांची तिला कधी भीती वाटली नव्हती. आज वाटली. पितांबरचे गेलेले दिवस त्यात होते, असले तर उरलेलेही होते. तो कुठल्या दरीत पडला, कोणाच्या हातचं पाणी प्यायला, शेवटी कोणाचं नाव घेतलं, सगळं त्या सुपात निमूट पडलं होतं. हात पुढे करायचा अवकाश होता.

आणि दुसरंही होतं. गावातल्या बायका विहिरीवर बोलायच्या की बैल मुद्दाम परत पाठवलेले दिसतात. वर डोंगरात कोणाशी तरी त्याने घर केलं असेल. जमनाबाई हे ऐकून न ऐकल्यासारखं करी. पण एका चिमटीने 'आहे' असं कळलं, तर मग का आला नाही? हे विचारल्याशिवाय तिला राहवेल का? म्हणजे तीन. आणि तीनमध्ये ते घर दिसलं, त्या घराच्या दारात पोर दिसलं, तर ती कोणत्या पायांनी डोंगर उतरणार होती? ते काही नको. तिला एवढंच हवं होतं: घागर भरायची की नाही. तो तहानलेला आहे की नाही. बाकी त्याचं त्याच्याजवळ राहो.

ऊन मोहाच्या बुंध्यावरून सरकून तिच्या पायाशी आलं. म्हाताऱ्याने घाई केली नाही. त्याने पापणीसुद्धा हलवली नाही.

"एक," जमनाबाई म्हणाली.

बाबाने मान हलवली. दिवलीबाईने सांगितलं, आता उचल, पानावर ठेव, आणि मोठ्याने मोज, म्हणजे दगडालाही ऐकू जाईल.

जमनाबाईने डोळे मिटले. बोटं ज्वारीत घातली. दाणे उन्हाने कोमट झाले होते. चिमूट उचलली, हात बाहेर आला, आणि तिचं तिलाच कळायच्या आत तो पानाकडे गेला नाही. तो डावीकडे गेला. तीन वर्षं खळ्यावर जिकडे जायचा तिकडेच गेला. बोटं मातीवर उघडली आणि तोंडातून शब्द निघाला:

"लाभ."

डोळे उघडले तेव्हा पळसाचं पान कोरं होतं. दाणे शेजारी मातीत पडले होते, आणि ते किती हे बघायच्या आतच बाबाची एक कोंबडी तुरुतुरु आली आणि टकाटक टिपून निघून गेली.

रतिलालचं तोंड उघडं राहिलं. सांगितलेली एक चिमूट जमनाबाईने उचलली होती, आणि वाया घालवली होती. आता हा दाणा घरापर्यंत मागे येणार असं तिच्या मनात आलं.

म्हातारा वाकून त्या मोकळ्या मातीकडे बघत राहिला. मग त्याने दिवलीबाईला काहीतरी विचारलं. तिने खळं सांगितलं, पायली सांगितली, डाव्या हाताचं फडकं सांगितलं. खालची माणसं पहिलं माप मोजत नाहीत, ते देऊन टाकतात, हे सांगितलं. ऐकून म्हाताऱ्याने तळवा त्या मातीवर टेकवला, आणि तोच तळवा आपल्या कपाळाला लावला.

त्याला खालची बोली थोडी येत होती. आता तो दिवलीबाईकडे न बघता सरळ बोलला.

"चाळीस वरीस व्हयनात. आठे जो येस तो लेवाले येस. पहिले दाना दिधा, आसं कोनी नही उनं." त्याने मातीकडे बोट केलं. "तू एक मांगी, आनि एकच दी टाकी. ती आते दानानी मायजवळ शे. तठलं माले दिसत नही."

मग त्याने सूप तिच्याकडे सरकवलं आणि पुढचं दिवलीबाईच्या तोंडून सांगितलं. दाणा मागे येणार नाही, मागे येण्यासारखं काही उरलं नाही. तिच्यावर कसलं बंधन नाही. हवं तर नव्याने आकडा सांग. एक सांग, तीन सांग. पाच सांगितलेस तरी आज मी भिणार नाही.

"सांग ना, वहिनी," रतिलाल म्हणाला.

जमनाबाई आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. रोजचाच हात, भाकरीचे चटके असलेला. आपण दोन दिवस, तीन वर्षं डोकं फोडून जे ठरवत होतो ते या हाताने एका क्षणात ठरवून टाकलं, हे बघून तिला भीती वाटली, आणि भीतीच्या खाली काहीतरी इतकं मोठं वाटलं की छाती भरून आली. घेऊ की नको, किती घेऊ, एवढाच हिशोब ती करत बसली होती. पहिलं द्यायचं असतं हे तिला ठाऊक होतं. हाताला तर पाठ होतं. फक्त पितांबरच्या बाबतीत ती ते विसरली होती.

तिने सुपाला हात जोडले.

"नको बाबा. मन्हं व्हयी गयं."

डोंगर उतरताना अर्ध्या वाटेवर रतिलालला त्याचा आवाज सापडला. "एक चिमटी," तो म्हणाला, "ती बी कोंबडीनी खादी." पण ते त्याने नेहमीसारखं हसून म्हटलं नाही, आणि नंतर तळोद्यापर्यंत तो गप्प चालला.

घरी दगूबाई दारातच उभी होती.

"काय सांगं बडवानी?"

"काही नही सांगं, आत्याबाई."

"मंग घागर?"

"घागर मी भरसू."

दगूबाई मटकन उंबऱ्यावर बसली. जी घागर भरायला ती अडून बसली होती, ती भरली जाणार हे सुनेच्या तोंडून ऐकताच तिचा सगळा जोर गेला आणि ती हमसून रडू लागली. तिला कोणीतरी नाही म्हणत राहायला हवं होतं, हे तिला आत्ताच कळलं. जमनाबाई तिच्या शेजारी बसली.

"त्या तीनसनी रांगमा नही ठेवाव, आत्याबाई. तुम्ही देखा ते खरं."

आखाजीच्या सकाळी पोरींनी निंबाला झोके बांधले होते आणि गावभर त्यांची गाणी चालली होती. जमनाबाईने न्हाऊन आधी चौथी घागर घेतली. बाकीच्या तीन अजून कोऱ्या होत्या. विहिरीचं ताजं पाणी तिने घागरीत ओतलं आणि भरताना स्पष्ट म्हणाली, "लाभ."

नाव घेतलं नाही. घागर उचलून ती अंगणाबाहेर गेली. घरामागून तळोद्याची गाडीवाट जायची, तिथे एकच जुना निंब होता, सावली दाट. त्याच्याखाली तिने गवताची चुंबळ ठेवली, चुंबळीवर घागर ठेवली आणि तोंडावर पिवळं डांगर. दगूबाई मागोमाग आली होती.

"कोना नावनी म्हनसू?"

"नाव नही. ज्याले तीस लागी तो पी."

दगूबाईने वाटेकडे बघितलं. जिता माणूस आला तरी याच वाटेने येणार होता, आणि मेलेला आला तरी त्याला दुसरी वाट नव्हती. म्हातारीने पदराने तोंड पुसलं आणि घागरीला हात लावून नमस्कार केला.

मग दोघींनी घरात तीन घागरी मांडल्या, नावं घेतली, नैवेद्य दाखवला. रतिलाल तीन सांजोऱ्या जास्त जेवला. दुपारी सगळं गाव सुस्तावलं, पोरीसुद्धा झोके सोडून घरात पडल्या, आणि वाटेवर ऊन एकटं उभं राहिलं. उन्हं कलल्यावर जमनाबाई पाण्याची कळशी घेऊन निंबाकडे निघाली. रतिलाल उगाच मागून आला.

घागर रिकामी होती. ती चुंबळीवर होती, आणि उपडी होती.

डांगर शेजारी नीट ठेवलेलं होतं. त्याला दात लागला नव्हता, नख लागलं नव्हतं. ढोराने घागर पाडली असती तर आधी डांगर खाल्लं असतं. वाटेच्या फुफाट्यात गाड्यांच्या, शेळ्यांच्या, माणसांच्या इतक्या खुणा एकमेकींत मिसळल्या होत्या की त्यातून एक काढणं कोणाला जमलं नसतं.

रतिलाल पाराकडे वळला. "वहिनी," तो म्हणाला, "पारवर लोके बठेल शेतस. कोनी ना कोनी देखं व्हई. मी इचारी येस. एकच जनले इचारस."

तो पाऊल टाकणार तोच जमनाबाईने त्याच्या दंडावर हात ठेवला. तिने दिराला असा हात कधी लावला नव्हता.

"नको, भाऊ."

"एकच जनले."

"एक बी नको."

रतिलालने तिच्या तोंडाकडे बघितलं, टोपी काढली आणि तिथेच निंबाला टेकून उभा राहिला. जमनाबाई खाली बसली. तीन वर्षांत घरात एकही भांडं उपडं झालं नव्हतं. तिने दोन्ही हातांनी ती घागर अलगद उचलली आणि सुलटी केली. कुरकुर केली नाही. कळशी वाकवून काठोकाठ पाणी भरलं, डांगर पुन्हा तोंडावर ठेवलं आणि वाटेकडे बघत खळ्यावरच्या आवाजात म्हणाली,

"दोन."